अपडेट कुठपर्यंत पोहोचतं?

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत गाडी घेण्यापेक्षा गाडी लावणं अवघड. जुन्या घरांचे जोते रस्त्याला भिडलेले, कडेला दुचाक्यांची रांग, आणि समोरून छोटा हत्ती आला की दोघांपैकी एकाला मागं जावंच लागतं. इथं इलेक्ट्रिक गाडी घरासमोर उभी करायची म्हणजे तळमजल्यावरच्या पंधरा अँपिअरच्या सॉकेटपासून दारापर्यंत केबल आणायची, ती कुणाच्या पायात येणार नाही हे पाहायचं, आणि कुणी "गाडी जरा पुढं घ्या" म्हटलं की केबल काढून गाडी हलवायची. अशा ठिकाणी पडद्यावर एक चौकट उमटते. नवं सॉफ्टवेअर आलं आहे, गाडी पार्कमध्ये ठेवा, अपडेट पूर्ण होईपर्यंत गाडी चालवता येणार नाही. खाली दोन बटणं: आत्ता, नंतर. रुंद आवाराच्या बंगल्यात हा प्रश्न क्षुल्लक. पेठेत मात्र अर्धा-पाऊण तास न हलणारी गाडी म्हणजे अख्ख्या बोळाची अडवणूक, त्यामुळे 'नंतर' हेच बटण दाबलं जातं आणि काम रात्रीवर जातं.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'मालकी' हा विषय दिला. त्याची आजची सगळ्यांत नवी अडचण या चौकटीत आहे. पैसे मोजून, आरसी बुकावर नाव चढवून घरी आणलेल्या वस्तूचा स्वभाव बनवणाऱ्याला नंतरही बदलता येतो. तो बदल चांगला असतो का, कुठल्या भागात होतो, आणि किती वर्षं होत राहणार, हे घेणाऱ्याला माहीत नसतं. शोरूममध्ये तुलना चालते ती पडद्याच्या इंचांची आणि ॲपमधल्या सोयींच्या संख्येची. पंच्याहत्तर सोयी असलेली गाडी साठ सोयींच्या गाडीपेक्षा वरचढ, असा हिशेब. या लेखाचं म्हणणं असं की हा हिशेबच चुकीच्या जागी मांडला आहे. कनेक्टेड गाड्यांची तुलना तीन गोष्टींवर व्हायला हवी: अपडेट गाडीच्या आत कुठपर्यंत पोहोचतं, नेटवर्क किंवा वर्गणी संपल्यावर गाडीत काय उरतं, आणि अपडेट किती वर्षं मिळणार हे कागदावर आहे की नाही.

चौकटीच्या मागं

गाडीत डॅशबोर्डच्या आत एक छोटा डबा असतो. त्यात ई-सिम, जीपीएस आणि मोडेम. ॲपमधून एसी सुरू करण्याचा हुकूम फोनमधून थेट गाडीकडे जात नाही. तो आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तिथं खातं तपासलं जातं, आणि मग मोबाइल टॉवरमार्गे या डब्याकडे येतो. म्हणजे बोळात चार पावलांवर उभ्या असलेल्या गाडीशी बोलतानाही मधे कुठल्यातरी दूरच्या शहरातलं यंत्र असतं. ब्लूटूथ किंवा एनएफसी कार्डाने दार उघडणारी गाडी याला अपवाद. ती जवळच्या जवळ ओळख पटवते, टॉवरवर अवलंबून राहत नाही. जाड भिंतींच्या घराआड उभ्या गाडीसाठी, किंवा सिद्धेश्वरांच्या यात्रेत लाखोंचे फोन एकाच वेळी टॉवरला भिडतात त्या दिवसांत, हा फरक सोयीचा राहत नाही, गरजेचा होतो.

अपडेटही याच वाटेने येतं. फाइलवर कंपनीची डिजिटल सही असते. ती जुळली नाही तर गाडीने फाइल नाकारली पाहिजे. चांगल्या रचनेत सॉफ्टवेअरसाठी दोन जागा असतात. चालू असलेली प्रत एका जागी, नवी प्रत दुसऱ्या जागी, आणि नवीत बिघाड निघाला तर गाडी जुनीवर परत येते. बॅटरीचं किंवा ब्रेकचं नियंत्रण करणाऱ्या छोट्या संगणकांत अशी ऐसपैस जागा बऱ्याचदा नसते. तिथं जुनं पुसून नवं लिहायचं असतं, आणि मधेच वीज गेली तर तो भाग निकामी होऊ शकतो. म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये हे काम करताना आधी बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीला बाहेरून चार्जरचे चिमटे लावतात, स्टीअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये केबल खोचतात, आणि लॅपटॉपवरची पट्टी शेवटापर्यंत जाईपर्यंत गाडीला कुणी हात लावत नाही. इतकी मोठी बॅटरी पोटाखाली असलेली गाडीही या छोट्या बॅटरीवरच जागी होते, हे अनेक मालकांना ती बसल्यावरच कळतं.

एक शब्द, दोन वेगळी कामं

'ओटीए अपडेट' असं माहितीपत्रकात लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, सगळी गाडीच हवेतून सुधारणार. प्रत्यक्षात त्या शब्दाखाली दोन कामं येतात. पहिलं पडद्याचं: नकाशे, गाणी, आवाजी आज्ञा, ॲप. दुसरं गाडीचं: बॅटरी, मोटर, चार्जिंग, ब्रेक, चालकाला मदत करणारी यंत्रणा. भारतात २०१९ साली एमजीने हेक्टर आणली ती 'इंटरनेट कार' म्हणून, आणि त्याच वर्षी ह्युंदाईने व्हेन्यूमध्ये ब्लूलिंक ही कनेक्टेड सेवा दिली. दोन्ही गाड्या इंधनावरच्या होत्या, आणि त्यांच्या प्रचारात जोर होता तो पहिल्या कामावर. इलेक्ट्रिक गाड्या आल्या तेव्हा हीच भाषा त्यांना चिकटली, आणि दुसरं काम झाकलं गेलं. आवाजी आज्ञांची सोय कमी लेखण्याजोगी नाही. टाटाने त्या मराठी आणि तेलुगूसह सहा भाषांत दिल्या, आणि ज्या शहरात एकाच घरात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोललं जातं तिथं ही खरी सोय आहे. पण तिने गाडी एक किलोमीटरही जास्त जात नाही.

दुसऱ्या कामाचं भारतातलं ठळक उदाहरण महाराष्ट्रातच घडलं. पुण्याजवळ रांजणगावला बनणारी टाटा नेक्सॉन ईव्ही जानेवारी २०२०मध्ये बाजारात आली. जुलै २०२२मध्ये कंपनीने 'प्राइम' ही सुधारित आवृत्ती काढली. तिच्यात ब्रेकिंगमधून वीज परत मिळवण्याच्या निवडता येणाऱ्या पातळ्या, क्रूझ कंट्रोल आणि टायरमधल्या हवेची सूचना या गोष्टी होत्या. याच सोयी आधीच्या बावीस हजारांहून जास्त मालकांनाही सॉफ्टवेअरमधून विनामूल्य दिल्या गेल्या. जुन्या गिऱ्हाइकाला नव्या गाडीतली वस्तू फुकट मिळावी हे आपल्या वाहनबाजारात फार घडलेलं नाही, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. मात्र हे अपडेट हवेतून आलं नाही. मालकांना सर्व्हिस सेंटरला जावं लागलं. नेक्सॉनचा मूळ आराखडा इंधनाच्या गाडीचा. अशा गाडीत निरनिराळ्या पुरवठादारांचे निरनिराळे छोटे संगणक असतात आणि त्या सगळ्यांना एकत्र अपडेट करणं कठीण जातं. गाडीत सिम आहे म्हणून गाडीच्या गाभ्यापर्यंत वाट आहे असं होत नाही, हे यातून दिसतं.

दुसऱ्या टोकाला टेस्ला. मे २०१८मध्ये अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक संस्थेने मॉडेल ३ची चाचणी घेतली. ताशी ६० मैलांवरून थांबायला गाडीला १५२ फूट लागले, आणि संस्थेने शिफारस नाकारली. काही दिवसांत कंपनीने ब्रेकचं सॉफ्टवेअर हवेतून बदललं आणि फेरचाचणीत ते अंतर १३३ फुटांवर आलं. एकही पाना न फिरवता गाडी जवळपास सहा मीटर आधी थांबू लागली. या दोन टोकांच्या मधे आज चाकणला बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्या आहेत. नोव्हेंबर २०२४मध्ये त्या जाहीर झाल्या त्या मुळातच इलेक्ट्रिक म्हणून आणि ताकदवान मध्यवर्ती संगणकाभोवती बांधलेल्या. रचनेच्या दृष्टीने त्यांचा गाभा हवेतून सुधारण्याच्या जास्त जवळ आहे. पण रचना म्हणजे क्षमता झाली. ती किती वर्षं वापरली जाणार हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर रचनेत सापडत नाही.

उन्हाळा, महामार्ग आणि टक्केवारी

अपडेट किती खोल पोहोचतं याची फिकीर सोलापुरातल्या माणसाने का करावी? कारण त्याची गाडी पेठेतल्या फेऱ्यांपुरती नसते. अक्कलकोट आणि तुळजापूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर; तिथं जाऊन येण्यात कुठल्याच गाडीची परीक्षा होत नाही. परीक्षा होते पुण्याच्या वाटेवर. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, यवत असं सुमारे अडीचशे किलोमीटर, महामार्गाचा वेग, आणि मे महिन्यात चाळीसच्या वर गेलेला पारा. इथं दोन गोष्टी कळीच्या ठरतात, आणि दोन्ही सॉफ्टवेअरच्या हातात आहेत.

पहिली गोष्ट टक्केवारी. नेक्सॉन, एमजी विंडसर, बीई ६ यांसारख्या गाड्यांत लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी असते. ती टिकाऊ आणि उष्णतेला तुलनेने सोशिक, पण तिचा एक स्वभाव आहे: चार्ज ऐंशी टक्के असो की तीस, तिचं व्होल्टेज जवळपास सारखंच राहतं. त्यामुळे व्होल्टेज मोजून उरलेली वीज सांगता येत नाही. आत किती वीज गेली आणि बाहेर किती आली याची सतत बेरीज-वजाबाकी करून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं, आणि बारीक चुका साठत जातात. म्हणून अशा बॅटऱ्या अधूनमधून पूर्ण शंभर टक्के चार्ज करायला सांगतात. तिथं हिशेब परत जुळवला जातो. अंदाज बांधण्याची ही पद्धत सुधारणारं अपडेट आलं तर भिगवणला दिसणारे वीस टक्के खरोखर वीस असतात. दुसरी गोष्ट उष्णता. जलद चार्जरवर बॅटरी तापली की गाडीच चार्जरला सांगते, प्रवाह कमी कर. कुठल्या तापमानाला किती कमी करायचं, थंड करणारा पंप कधी आणि किती जोरात चालवायचा, हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये लिहिलेलं. थंड प्रदेश डोळ्यांपुढं ठेवून लिहिलेलं गणित सोलापूरच्या उन्हाळ्यात गरजेपेक्षा जास्त सावध ठरू शकतं, किंवा पुरेसं सावध ठरत नाही. चार्जर आणि गाडी यांच्यातली बोलणीही अशीच. केबल लावली, दिवा लागला आणि चार्जिंग सुरूच झालं नाही, या नेहमीच्या तक्रारीत तारेचा दोष असतोच असं नाही. कित्येकदा दोन यंत्रांच्या संवादात गफलत असते, आणि ती निस्तरते दोन्हींपैकी एकाच्या अपडेटने.

ॲपमधल्या सोयींपैकी ज्यांचा उपयोग खिशाला जाणवतो त्यांची यादी छोटी आहे. चार्जिंगची वेळ ठरवून ठेवणं ही त्यांतली पहिली. महावितरणने स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वेळेतल्या वापरावर सवलत जाहीर केल्यापासून कधी चार्ज करायचं याला अर्थ आला आहे. चार्जिंग मधेच थांबलं तर फोनवर सूचना येणं ही दुसरी. भारनियमन नसलं तरी पेठेतली वीज पावसाळ्यात डोळे मिचकावते. यापलीकडच्या बऱ्याच सोयी पहिल्या महिन्यात नातेवाइकांना दाखवायच्या.

दिलेलं परतही जातं

इथं एक आक्षेप येतो आणि तो बिनतोड वाटतो: कंपनी फुकट देते आहे, तर घेणाऱ्याने अटी कशाला घालाव्यात? गाडी घेतली तेव्हा जे होतं त्याचे पैसे दिले; नंतर मिळतं ते वरकड. हा आक्षेप खरा ठरला असता, जर अपडेट फक्त देत असतं. पण ज्या वाटेने देता येतं त्याच वाटेने काढूनही घेता येतं. २०१९मध्ये टेस्लाच्या काही जुन्या मॉडेल एस गाड्यांत एका अपडेटनंतर बॅटरीचं कमाल व्होल्टेज कमी केलं गेलं आणि एका रात्रीत त्यांचा पल्ला घटला. मालक न्यायालयात गेले. २०२१मध्ये अमेरिकेत १,७४३ गाड्यांबाबत १५ लाख डॉलरची तडजोड झाली, म्हणजे बहुतेकांच्या वाट्याला सव्वासहाशे डॉलरच्या आसपास. बॅटरीच्या सुरक्षिततेसाठी सावधगिरी घेतली, हा कंपनीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: मालकाला न विचारता त्याच्या गाडीची क्षमता कमी करता आली. बीएमडब्ल्यूने २०२२मध्ये काही देशांत गाडीत आधीच बसवलेलं आसन तापवण्याचं यंत्र मासिक वर्गणीवर सुरू करून देण्याचा प्रयोग केला. लोक इतके चिडले की पुढच्या वर्षी तो मागं घ्यावा लागला.

काढून घेण्याचा हेतू नसतानाही गोष्टी जातात. ब्रिटनमध्ये निसानने २०१६पूर्वीच्या लीफ गाड्यांची ॲप सेवा १ एप्रिल २०२४पासून बंद केली. गाडीतला डबा टूजीवर चालणारा, आणि टूजी नेटवर्क गुंडाळलं जाणार. गाड्या उत्तम चालत होत्या, पण चार्जिंगची वेळ फोनवरून ठरवणं, थंडीत आधीच गाडी उबदार करणं गेलं. आपल्याकडे एअरटेलचं थ्रीजी बंद झाल्याला काही वर्षं झाली. आज गाड्यांत असलेलं फोरजीचं सिम गाडीच्या आयुष्यभर पुरेल असं कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. कंपनीच बुडाली तर? अमेरिकेतली फिस्कर जून २०२४मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि ओशन गाडीच्या मालकांपुढं प्रश्न पडला की गाडी ज्या सर्व्हरशी बोलते ते चालू कोण ठेवणार. आपल्या मोठ्या कंपन्यांवर अशी वेळ उद्या येईल असं मुळीच नाही. मात्र बाजारात रोज नवी नावं उतरत असताना घेणाऱ्याने हे डोळ्यांआड करू नये.

साधी गाडी का नको?

मग दुसरा आक्षेप: हे सगळं नकोच, सिम नसलेली साधी इलेक्ट्रिक गाडी द्या. या मागणीत शहाणपण आहे, पण अर्धंच. ह्युंदाईने २०२४मध्ये भारतातल्या १,७४४ आयोनिक ५ गाड्या परत बोलावल्या. चार्जिंग सांभाळणाऱ्या एका भागातल्या दोषाने बारा व्होल्टची बॅटरी उतरत होती. उपाय होता सॉफ्टवेअर तपासणं, बदलणं, आणि गरज पडल्यास तो भागच नवा बसवणं. म्हणजे सिम नसतं तरी दोष असताच. फक्त तो कळायला आणि दुरुस्त व्हायला वेळ लागला असता. डिसेंबर २०२३मध्ये टेस्लाने अमेरिकेत वीस लाखांहून जास्त गाड्यांची ऑटोपायलटमधली सुधारणा हवेतून केली. इतक्या गाड्या सर्व्हिस सेंटरच्या दारात आणायच्या तर वर्षं गेली असती. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या मालकाला, ज्याला सर्व्हिससाठी सोलापूर गाठावं लागतं, दूरवरून होणारी दुरुस्ती शहरी माणसापेक्षा जास्त हवी.

धोका आहे, आणि तो काल्पनिक नाही. २०२४मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं की अमेरिकेतल्या किया गाड्यांची निव्वळ नंबरप्लेट वाचून कंपनीच्या संकेतस्थळातल्या त्रुटीमार्फत गाडीचा ताबा मिळवता येत होता: दार उघडणं, गाडी कुठं आहे ते पाहणं. बोळात उभ्या प्रत्येक गाडीची एमएच-१३ची पाटी सगळ्यांना दिसते, त्यामुळे ही गोष्ट कुणालाही झोंबावी. त्रुटी आधी बुजवली गेली, मगच ती जाहीर झाली. चुकाही होतात. नोव्हेंबर २०२३मध्ये अमेरिकी कंपनी रिव्हियनने चुकीचं सुरक्षा प्रमाणपत्र लावलेलं अपडेट सोडलं आणि अनेक गाड्यांचे पडदे काळे पडले. गाड्या चालत होत्या, कारण चालवण्याची यंत्रणा पडद्यापासून वेगळी ठेवली होती. या घटनांतून जोडणी तोडण्याचा सल्ला निघत नाही. निघते ती एक कसोटी: पडदा गेला, नेटवर्क गेलं, वर्गणी संपली, तरी गाडी सुरू होते का, ठरलेल्या वेळी चार्ज होते का, एसीचा वेग हाताने बदलता येतो का. चार्जिंगची वेळ गाडीच्याच पडद्यावरून ठरवता येणारी गाडी आणि फक्त ॲपमधूनच ठरवता येणारी गाडी, या दोन गाड्या माहितीपत्रकात सारख्या दिसतात. दहा वर्षांनी त्या सारख्या राहणार नाहीत.

पंधरा वर्षांचा कागद

तिसरा आक्षेप अर्थशास्त्राचा: स्पर्धा आहे, जी कंपनी जास्त वर्षं अपडेट देईल तिच्याकडे लोक जातील. स्पर्धा काम करते, पण ज्या गोष्टीचा आकडा छापलेला असतो त्याच गोष्टीत. बॅटरीचंच बघा. लोकांना बॅटरीची धास्ती होती, ते शोरूममध्ये तेच विचारत, आणि २०२५पर्यंत टाटा, महिंद्रा आणि एमजी या तिघांनीही काही मॉडेलवर पहिल्या मालकासाठी आजीवन बॅटरी वॉरंटी जाहीर केली. टाटाने 'आजीवन'चा अर्थ पंधरा वर्षं असा सांगितला. खासगी गाडीची पहिली नोंदणीही पंधरा वर्षांचीच. म्हणजे रसायनशास्त्राची हमी पंधरा वर्षं मिळू शकते. त्या बॅटरीचा कारभार बघणाऱ्या सॉफ्टवेअरची हमी मात्र याच तोडीच्या स्पष्ट शब्दांत समोर ठेवली जात नाही. ह्युंदाईची ब्लूलिंकसारखी सेवा तीन वर्षं मोफत, पुढं वर्गणी, असा प्रघात पडला आहे. सॅमसंग आणि गूगल आपल्या महागड्या फोनवर सात वर्षं अपडेटचं लेखी वचन देतात, आणि युरोपीय संघाने जून २०२५पासून फोनसाठी किमान पाच वर्षांची सक्ती केली आहे. पंधरा लाखांच्या गाडीला फोनइतकं वचन मागणं ही अवाजवी अपेक्षा नव्हे.

नियमांची बाजू हलते आहे. संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर २०२०मध्ये वाहनांच्या सायबर सुरक्षेचे आणि सॉफ्टवेअर अपडेटचे नियम मंजूर झाले. युरोपीय संघात ते जुलै २०२४पासून सगळ्या नव्या गाड्यांना लागू आहेत. त्याच धर्तीवर आपल्याकडे एआयएस-१८९ आणि एआयएस-१९० ही मानकं आखली गेली, आणि अशा मानकांचं केंद्र असलेली एआरएआय ही संस्था पुण्यातच आहे. अपडेट सुरक्षित असावं, फसलं तर गाडी धोक्यात येऊ नये, कशासाठी आणि किती वेळ हे मालकाला आधी सांगावं, असा या नियमांचा रोख आहे. अपडेट कसं द्यावं हे त्यांत आहे. किती वर्षं द्यावं हा भाग त्यांच्या कक्षेत येत नाही. तो ग्राहक संरक्षण कायद्याने आणि विक्रीच्या कराराने भरून काढावा लागेल. त्यासाठी गिऱ्हाइकाने प्रश्न विचारणं ही पहिली पायरी.

हे प्रश्न नव्या गाडीपुरते नाहीत. २०२०-२१च्या इलेक्ट्रिक गाड्या आता जुन्या बाजारात येऊ लागल्या आहेत, आणि पेठेतली कित्येक घरं पहिली इलेक्ट्रिक गाडी तिथूनच घेतील. आरसी नावावर झाली म्हणजे गाडी नावावर झाली असं तिथं धरून चालत नाही. २०१७मध्ये आयबीएमच्या एका सुरक्षा तज्ज्ञाने एका परिषदेत सांगितलं होतं की विकलेली जुनी गाडी आपल्या फोनवरच्या ॲपमध्ये अजून दिसते आणि तिचं दार उघडता येतं. व्यवहाराच्या दिवशी जुन्या मालकाने समोर बसून आपलं खातं काढावं, नव्याने आपलं जोडावं, आणि ते झाल्यावरच उरलेली रक्कम द्यावी. बॅटरी वॉरंटी दुसऱ्या मालकाला कोणत्या अटींवर लागू होते हे विचारावं, कारण 'आजीवन' हा शब्द पहिल्याच मालकापुरता असतो. नवी गाडी घेताना पडद्यावरचा सॉफ्टवेअर आवृत्तीचा क्रमांक आणि डिलिव्हरीच्या दिवशी दिसणारा पूर्ण चार्जचा पल्ला यांचा फोटो काढून ठेवावा, विक्रेत्याने 'पुढच्या अपडेटमध्ये येईल' म्हणून सांगितलेली प्रत्येक सोय ऑर्डर फॉर्मवर तारखेसह लिहून घ्यावी, आणि कनेक्टेड सेवेची मुदत कोणत्या दिवसापासून मोजणार, गाडी बनल्याच्या की विकल्याच्या, हेही त्याच कागदावर उतरवावं. उद्या प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढं गेलंच, तर तिथं तोंडी आश्वासन टिकत नाही. हा कागद आणि ते दोन फोटो टिकतात.